शाळेत माणसं पुरेशी आहेत का? डोकी मोजू नका, तासिका मोजा

शाळा सांगते, ‘आमच्याकडे दर २३ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे.’ घरी आलेली मुलगी सांगते, ‘वर्गात आम्ही ३६ जण आहोत आणि गणिताचा तास आठवड्यातून दोनदा मोकळा जातो.’ ऐकणाऱ्या पालकाला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. पण या तिन्ही गोष्टी एकाच शाळेत, एकाच आठवड्यात खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे समजलं की सरकारी माध्यमिक शाळेतल्या मनुष्यबळाचा प्रश्न बराचसा उलगडतो.

मी बरीच वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलं आहे. पट, मंजूर पदं, गुणोत्तर हे सगळे आकडे फायलीत नीटनेटके दिसतात. पण वेळापत्रकाच्या तक्त्यावर एखादा चौकोन रिकामा राहिला की त्या चौकोनामागे ३६ मुलं बसलेली असतात, आणि ती फाईल त्यांच्या उपयोगाची नसते. म्हणून हा हिशेब तासिकांपासून सुरू करायचा. पालक प्रतिनिधी, शाळा समितीचे सदस्य, नव्याने रुजू झालेले मुख्याध्यापक आणि वेळापत्रकाचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेले शिक्षक यांना तो दोन संध्याकाळी बसून करता येईल. वही, कॅल्क्युलेटर आणि शाळेचं चालू वेळापत्रक एवढंच लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक शाळा शेवटपर्यंत घेऊ. विद्यार्थी ७२०, चार इयत्ता, प्रत्येक इयत्तेच्या ५ तुकड्या, म्हणजे एकूण २० तुकड्या. प्रत्येक तुकडीत ३६ जण. आठवड्याचे पाच दिवस, रोज ४० मिनिटांच्या ८ तासिका. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

आधी ‘किती शिक्षक आहेत’ या प्रश्नाचे चार तुकडे करा

हा प्रश्न कार्यालयात विचारला की एकच आकडा मिळतो. तो तसाच घेऊन घरी येऊ नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्यक्ष शाळेत हजर असणारे किती आणि पूर्णवेळ धरले तर ते किती भरतात, असे चार आकडे वेगवेगळे मागा.

आपल्या शाळेत मुख्याध्यापक सोडून मंजूर पदं ३४ आहेत. त्यातली ३१ भरलेली आहेत. ३१ पैकी एक शिक्षिका दीर्घ रजेवर आहेत आणि एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या कार्यालयात बसतात, पण दोघांची नावं हजेरीपटावर आहेतच. उरले २९. त्यातले दोघे अर्धवेळ, म्हणजे दोघांचा मिळून एक. कागदावरचे ३४ वर्गापर्यंत पोचेतो २८ झाले.

आता गंमत बघा. ७२० ला ३१ ने भागलं की साधारण २३ येतात. शाळेने सांगितलेला आकडा तो हाच, आणि तो चुकीचा नाही. रिक्त पदं ३४ पैकी ३, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. भारताच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या शाळांसाठी रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत असं म्हटलं आहे. ती मोजपट्टी इथे लावली तर ही शाळा पास होते. प्रत्यक्षातली तूट मात्र ३४ पैकी ६, म्हणजे जवळपास १८ टक्के. चार आकडे वेगळे मागितले नाहीत, तर ही १८ टक्के तूट कुणालाही दिसत नाही.

मग गरज किती, ते तासिकांत काढा

२० तुकड्या, प्रत्येकीच्या आठवड्याला ४० तासिका. झाल्या ८००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि शिक्षक कमी पडले की चकित होतात, कारण माध्यमिक शाळेत तुकडी नेहमी अखंड बसत नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला ३६ मुलं एका प्रयोगशाळेत कोंबता येत नाहीत, दोन गट करावे लागतात. आठवड्याला दोन तासिका प्रात्यक्षिक असेल आणि दोन्ही गट एकाच वेळी दोन शिक्षकांकडे जात असतील, तर प्रत्येक तुकडीमागे २ जादा, एकूण ४०. भाषेच्या पर्यायांमुळे एका इयत्तेच्या ५ तुकड्यांचे ६ गट होतात. भाषेच्या ५ तासिका असल्या तर चार इयत्तांच्या मिळून २० जादा. मागे पडलेल्या मुलांच्या पूरक वर्गांना आणखी २० धरा. एकूण मागणी ८८० तासिका.

एका शिक्षकाने आठवड्याच्या ४० पैकी २८ तासिका शिकवायच्या असं धरू. ८८० ला २८ ने भागलं की ३१.४ येतात. विभागप्रमुख, परीक्षा विभाग, वसतिगृह असल्या जबाबदाऱ्यांपोटी कुणाला तासिकांत सूट मिळत असेल तर ती यात मिळवा. सूट शून्य धरली तरी ३२ शिक्षक हवेत. आहेत २८, म्हणजे ७८४ तासिका. आठवड्याला ९६ तासिकांना शिक्षकच नाही.

गुणोत्तर २३ आणि वर्गात ३६, हे कोडंही इथेच सुटतं. शिक्षक आठवड्याच्या सगळ्या तासिका शिकवत नाही, तुकडी मात्र सगळ्या तासिका बसते. त्यामुळे वर्गातली संख्या गुणोत्तरापेक्षा नेहमीच मोठी असते. ३६ ला २८ ने गुणून ४० ने भागा, २५ येतात. त्यात गट पाडल्याचा खर्च धरला की ते २३ च्या खाली उतरतात. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शाळेत हे गुणोत्तर ३० च्या आत असावं असं म्हटलं आहे. म्हणजे २३ चं गुणोत्तर ऐकायला फार उदार वाटतं. पण आपल्या शाळेला ३६ च्या तुकड्या नुसत्या चालवायला तेवढं लागतंच. ‘गुणोत्तर उत्तम आहे, मग तक्रार कसली?’ असं कुणी बैठकीत म्हणालं, तर हे गणित शांतपणे फळ्यावर मांडा.

विषयवार तक्ता, आणि इथे घाई करू नका

सगळ्या कामात मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच वगळला जातो. प्रत्येक विषयाच्या तासिका गुणिले तुकड्या, अधिक गटांच्या जादा तासिका, भागिले २८. गणिताच्या ६ तासिका असतील तर १२०, म्हणजे ४.३ शिक्षक. विज्ञानाच्या ६ तासिका आणि प्रात्यक्षिकाचे ४० मिळून १६०, म्हणजे ५.७. चित्रकला-संगीताच्या २ तासिका, एकूण ४०, म्हणजे १.४.

समोर विषयवार प्रत्यक्ष शिक्षक लिहा. समजा विज्ञानाला ४ आहेत, गणिताला ३, कलेला १. विज्ञानात १६० पैकी ४८ तासिका उघड्या, गणितात १२० पैकी ३६, कलेत १२. बेरीज ९६. बाकीचे सगळे विषय व्यवस्थित भरलेले! म्हणजे शाळेची सरासरी तूट ११ टक्के, पण गणित आणि विज्ञानात ती ३० टक्के. गणिताच्या ३६ तासिका २० तुकड्यांत वाटल्या की प्रत्येक तुकडीच्या वाट्याला आठवड्याला जवळपास दोन मोकळे तास येतात. मुलगी सांगत होती ते हेच.

अपूर्णांकांचं काय करायचं, हा प्रामाणिक पेच आहे. ४.३ गणित शिक्षक नेमता येत नाहीत. सगळे अपूर्णांक वर ढकलले तर काही शिक्षकांना पुरेशा तासिका मिळत नाहीत आणि पुढच्या तपासणीत तेच अतिरिक्त ठरतात. सगळे खाली ढकलले तर दर विषयाचे थोडेथोडे तास उरतात आणि ते कुणाचेच नसतात. माझा अनुभव असा की जवळचे विषय जोडून पाहावं. भौतिकशास्त्राची पदवी असलेले शिक्षक गणिताच्या ८ तासिका सहज घेतात, आणि गणिताच्या शिक्षकांनाही त्यांची मदत वाटते. पण इतिहासाच्या शिक्षकाकडे ‘सध्या मोकळे आहात’ म्हणून बीजगणित देऊ नका. तक्त्यावर चौकोन भरलेला दिसतो, मुलांचं वर्ष जातं. म्हणून तक्त्यात एक रकाना आणखी आखा: हा तास घेणारा शिक्षक त्या विषयात पात्र आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती तासिका तुटीतच धरा.

रजेचा हिशेब

शिक्षक आजारी पडतात, प्रशिक्षणाला जातात, घरी कुणाचं काही होतं. हा त्यांचा दोष नाही, म्हणूनच ते आधी धरून चालायला हवं. मागच्या वर्षाचा हजेरीपट घ्या आणि प्रत्येक शिक्षकामागे सरासरी किती दिवस रजा झाली ते काढा. समजा २०० कामाच्या दिवसांत १० दिवस. २८ शिक्षकांचे २८० दिवस, भागिले २००, म्हणजे रोज सरासरी १.४ शिक्षक गैरहजर. प्रत्येकाच्या दिवसाला साडेपाच-सहा तासिका, तेव्हा रोज सुमारे ८ आणि आठवड्याला ४० तासिका बदलीवर.

हे ४० आणि आधीचे ९६ मिळून १३६. बदली शिक्षकांची वेगळी सोय नसेल तर त्या याच २८ जणांच्या मोकळ्या तासिकांतून जाणार, म्हणजे प्रत्येकाच्या १२ (४० वजा २८) पैकी जवळजवळ ५. ‘मोकळी’ हा शब्दच मुळात फसवा आहे. गणिताचा एक शिक्षक २८ तासिकांत साडेचार-पाच तुकड्या सांभाळतो, म्हणजे सुमारे १६८ मुलं. प्रत्येकाची वही फक्त ३ मिनिटं पाहिली तरी एका फेरीला ८ तास २४ मिनिटं लागतात. त्याच्या १२ मोकळ्या तासिका मिळून होतात बरोबर ८ तास. वह्यांची एक फेरीसुद्धा त्यात बसत नाही, तयारी आणि पालकांशी बोलणं तर दूरच. कलाशिक्षकाचं पाहा: तुकडीला २ तासिका, म्हणजे १४ तुकड्या आणि ५०४ मुलं. दोघांचा कार्यभार कागदावर सारखाच, २८.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००५ पासून शिक्षकाच्या शिकवण्याच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ तयारी, नियोजन आणि तपासणीसाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, शिक्षक आठवड्याला किती बदली तास घेतात याची नोंद ठेवा. ती नोंद नसली की ही तूट शिक्षक स्वतःच्या अंगावर घेतात आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसतं.

शिक्षकेतर माणसं: इथली कमतरता वर्गात उतरते

शिक्षकांची संख्या निदान चर्चेत तरी येते. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, समुपदेशक, परिचारिका, सफाई कर्मचारी आणि शिपाई यांच्या रिकाम्या जागांबद्दल कुणी आवाज उठवत नाही. वास्तविक त्यांचं काम थांबत नसतं, ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर पडतं, आणि तो दुसरा बहुतेक वेळा शिक्षक असतो.

हे दाखवायचा सोपा उपाय म्हणजे एका आठवड्याची नोंदवही. प्रत्येक शिक्षकाने आठवडाभर शिकवण्याव्यतिरिक्तचं काम वेळेसह लिहायचं: ऑनलाइन माहिती भरणं, शुल्क आणि अर्ज गोळा करणं, छायाप्रती काढणं, गैरहजर मुलांच्या घरी फोन करणं, साहित्याची नोंद. परीक्षेचा किंवा प्रवेशाचा आठवडा निवडू नका, नाहीतर ‘तेव्हा तर असतंच’ असं उत्तर मिळेल. समजा सरासरी ३ तास निघाले. २९ शिक्षकांचे ८७ तास. आठवड्याला ४० तासांचा एक कर्मचारी धरला तर दोनाहून जास्त लिपिकांचं काम शिक्षक करत आहेत, आणि तेही शिक्षकाच्या पगारात. ‘लिपिक द्या’ ही मागणी मी अनेकदा फेटाळलेली पाहिली. असा ८७ तासांचा कागद सोबत गेला की निदान चर्चा तरी होते.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २००३ मध्ये सरकार, नोकरी देणाऱ्या संस्था आणि बहुतेक शिक्षक संघटना यांच्यात करार झाला. त्यात छायाप्रती काढणं, पैसे गोळा करणं, गैरहजेरीचा पाठपुरावा अशा कारकुनी कामांची यादी केली आणि शिक्षकांनी ती नित्याने करू नयेत असं ठरवलं. आपल्या शाळेतही अशी यादी करता येते. प्रत्येक कामापुढे ‘हे कुणी करायला हवं’ आणि ‘सध्या कोण करतं’ असे दोन रकाने आखा.

समुपदेशकाच्या बाबतीत एक आधार आहे. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आपल्या ७२० मुलांना या हिशेबाने जवळपास तीन लागतील. एकही नसेल तर निदान पहिला मागताना हा आकडा हाताशी असू द्या. समुपदेशक नेमल्यावर त्याला परीक्षेच्या कामाला किंवा बदली तासाला जुंपलं जात नाही ना, तेही पाहा. असं फार होतं.

प्रयोगशाळा सहायक विद्यार्थ्यांवर मोजू नका. एका वेळी किती गट प्रयोग करतात, त्यावर मोजा. सहायक नसला तर द्रावणं करणं, काचेचं सामान धुणं, साहित्य मोजून ठेवणं शिक्षकावर येतं. मग प्रयोग ‘दाखवले’ जातात, मुलांच्या हातून होत नाहीत. सफाई कर्मचारी खोल्या आणि स्वच्छतागृहांवर मोजायचे, आणि सकाळी एकदा सफाई झाली की संपलं असं धरायचं नाही. ग्रंथपालाच्या बाबतीत एकच प्रश्न पुरे: ग्रंथालय मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर उघडं असतं का?

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक आणि मदतनीस हा भाग नाजूक आहे. इथे गुणोत्तर लावणं मला पटत नाही. प्रत्येक मुलाला आठवड्याला कोणत्या प्रकारची किती तास मदत हवी ते लिहा, तासांची बेरीज करा आणि मग माणसं काढा. मदतनीस दिला की प्रश्न सुटला असंही समजू नका. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अहवाल २००९ मध्ये आला. मदतनिसांचा सर्वाधिक वेळ मिळालेल्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाल्याचं त्यात दिसलं. कारण मदतनिसांच्या कामसूपणात नव्हतं, त्यांच्या वापरात होतं: ज्यांना शिक्षक सर्वांत जास्त हवा, तीच मुलं शिक्षकापासून दूर, मदतनिसाच्या भरवशावर बसत होती. म्हणून मदतनीस आणि शिक्षक यांना एकत्र नियोजनासाठी आठवड्यात एखादी तासिका मिळते का, हे वेळापत्रकात शोधा.

लहान शाळेची अडचण

चार इयत्ता, प्रत्येकी एकच तुकडी असेल तर १६० तासिका होतात, भागिले २८, म्हणजे सहाच्या आत शिक्षक. विषय मात्र तेच आठ-नऊ. इथे विद्यार्थीसंख्येवर पदं दिली की शाळा अपंग होते. जवळच्या दोन-तीन शाळांत कला, संगणक, शारीरिक शिक्षण यांचे शिक्षक वाटून घेणं हा मार्ग आहे, पण त्यांचा प्रवासाचा वेळ कार्यभारात धरा आणि एका दिवशी एकच शाळा द्या.

संशोधनाचा आधार जपून घ्या

मागणीला वजन यावं म्हणून अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांतली मुलं २२ ते २५ च्या वर्गांतल्या मुलांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेली. पण ती बालवर्ग ते तिसरीची मुलं होती. माध्यमिक शाळेसाठी तो आकडा जसाच्या तसा वापरलात तर समोरचा जाणकार अधिकारी तुमचा बाकीचा हिशेबही बाजूला ठेवेल. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये धाकट्या इयत्तांच्या वर्गातली मुलांची संख्या २० पर्यंत आणायला घेतली, तेव्हा एकदम इतके शिक्षक लागले की पूर्ण पात्रता नसलेल्यांचं प्रमाण वाढलं. यावरून एक शिस्त घ्या: ‘पदं वाढवा’ म्हणताना कोणत्या विषयाची आणि कोणत्या पात्रतेची, हे त्याच वाक्यात लिहा.

कागद कसा मांडायचा

एकाच पानावर मांडा. वर चार आकडे: ३४, ३१, २९, २८. खाली विषयवार तक्ता, त्यात गणित आणि विज्ञानाच्या ओळी ठळक. मग रोजच्या ८ बदली तासिका आणि शिक्षकेतर कामाचे ८७ तास. शेवटी मागण्या, पण क्रमाने. या शाळेत मी पहिली मागणी नव्या पदाची करणार नाही. प्रतिनियुक्तीवरचे शिक्षक परत मागेन, कारण ते पद मंजूरही आहे आणि भरलेलंही. दुसरी, दीर्घ रजेच्या जागी तेवढ्या काळापुरता त्या विषयाचा शिक्षक. तिसरी, रिक्त ३ पदांपैकी दोन विज्ञान आणि एक गणित अशी विषयवार भरती. चौथी, एक लिपिक.

हा कागद नव्या वर्षाच्या भरतीचे निर्णय होण्याआधी पोचवा. शाळा सुरू झाल्यावर दिलेला कागद पुढच्या वर्षासाठीच उपयोगी पडतो. मुख्याध्यापकांना तो आधी दाखवा. बहुतेक वेळा त्यांनाही हेच म्हणायचं असतं आणि पालकांकडून आलेला कागद त्यांना पुढे पाठवणं सोपं जातं. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. प्रवेश पूर्ण होऊन पट पक्का झाला की वही पुन्हा उघडा आणि तुकड्यांच्या रकान्यापासून आकडे नव्याने भरा.